मिरकरवाड्याचा लॉट आणि खरेदीदाराचा एक्सएमएल: एक प्रकरण अभ्यास

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. माल बहुतेक मिरकरवाडा जेटीवरून येतो, कधी हर्णैहून, कधी नाट्याहून. बांगडा, बळा, राणीमासा, म्हाकूळ आणि मिळेल तेव्हा कोळंबी. निवडून, धुऊन, गोठवून तो कंटेनरने बाहेर जातो. या कारखान्याच्या युरोपातल्या एका खरेदीदाराने नवी अट घातली. कुठल्या नौकेने, कुठल्या सागरी क्षेत्रात, कधी, कुठली जात, किती किलो पकडली, ही खेपेतल्या प्रत्येक लॉटची माहिती ठरलेल्या स्कीमातला (रचनेच्या नियमांतला) एक्सएमएल संदेश म्हणून, म्हणजे खुणांनी बांधलेला आणि संगणकाला वाचता येणारा मजकूर म्हणून, यायला हवी.

अट हवेतून आलेली नव्हती. बेकायदा मासेमारी रोखण्यासाठी युरोपीय संघाने केलेला १००५/२००८ हा नियम १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि त्यानुसार समुद्रातून पकडलेल्या मासळीबरोबर पकड प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे ते काम एमपेडा या सागरी उत्पादनांच्या निर्यात विकास प्राधिकरणामार्फत होतं. खरेदीदाराचा संदेश त्या प्रमाणपत्राच्या जागी नव्हता. प्रमाणपत्रातले आकडे आणि प्रत्यक्ष आलेला माल आपल्या संगणकात ताडून पाहता यावा, एवढ्यासाठी त्यांना तो हवा होता. तोवर हे काम कार्यालयातला एक लिपिक एक्सेलमध्ये करत होता, आणि चांगलं करत होता. पण एक्सेलची फाइल मशीन वाचणार नाही, असं समोरून स्पष्ट कळवलं गेलं.

आमच्याकडे काम आलं ते एका वाक्यात: ‘डेटाबेसमधून एक्सएमएल काढून द्या.’

डेटाबेस एक नव्हता, तीन होते. जेटीवर सुपरवायझरच्या टॅबमध्ये एसक्यूलाइटची छोटी नोंदवही होती. रेंज मिळाली की ती कारखान्याशी जुळवून घेई. कारखान्यात पोस्टग्रेस होतं, त्यात लॉट, ग्रेडिंग, फ्रीझिंग आणि कोल्ड स्टोरेजमधली खोकी. तिसरी होती नौकामालकांच्या हिशेबाची जुनी प्रणाली. तिच्यातलं मराठी युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) आधीच्या फॉन्टमध्ये साठवलेलं, म्हणजे आत रोमन अक्षरांचे बाइट आणि वर मराठीचा मुखवटा. नौकेचा नोंदणी क्रमांक आणि मालक यांची खात्रीची यादी मात्र नेमकी तिच्यातच, कारण पैसे तिथून जात. ज्या नोंदीवर पैसे अवलंबून असतात ती नोंद माणसं नीट ठेवतात, हे इथेही दिसलं.

पहिला विचार कुणालाही सुचेल तोच. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) निकाल थेट एक्सएमएलमध्ये ओतणारी ‘क्वेरी_टू_एक्सएमएल’ ही तयार सोय आहे. ती वापरायची आणि वर एक्सएसएलटीने (एका एक्सएमएलचा दुसऱ्या रचनेतला एक्सएमएल करणाऱ्या भाषेने) समोरच्याच्या स्कीमात बसवायचं. कारखान्याच्या आयटी सांभाळणाऱ्या मुलाने तसं करूनही पाहिलं होतं आणि एका लॉटपुरतं ते चाललंही होतं. तरी आम्ही तो मार्ग सोडला. अशा संदेशाच्या पोटात आपलं टेबल उघडं पडतं. उद्या कुणी कॉलमचं नाव बदललं, एका टेबलाची दोन केली, की हजारो मैलांवरच्या खरेदीदाराचा संदेश मोडतो आणि ते कळतं कंटेनर बंदरात पोचल्यावर. शिवाय टेबल आणि संदेश या मुळात वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. टेबल म्हणजे दुकानाची चोपडी: खाडाखोड होते, मागाहून आकडा सुधारला जातो. संदेश म्हणजे फाडून दिलेली पावती. दिली की दिली. चूक असेल तर दुसरी पावती फाडायची, पहिलीवर खोडरबर चालवायला ती आपल्या हातात नसते. सगळी रचना या एका फरकावर उभी केली.

डेटाबेस आणि संदेश यांच्या मधल्या थराचे तीन भाग केले. वाचक डेटाबेसमधून घेतो. तो भरतो ते मधलं मॉडेल: खेप, तिच्यात लॉट, लॉटमध्ये पकडी. यात ना टेबलांची नावं, ना समोरच्याच्या स्कीमातली. लेखक त्या मॉडेलचा एक्सएमएल करतो. वाचकाला एक्सएमएल म्हणजे काय ठाऊक नाही, लेखकाला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, ठाऊक नाही. लहान कामाला हे जड वाटेल आणि पहिल्या आठवड्यात ते तसं वाटलंही. जातींचे आणि क्षेत्रांचे कोड कशाला कोणता, ही जुळणी प्रोग्राममध्ये न लिहिता टेबलात ठेवली, आणि प्रत्येक ओळीला ‘कधीपासून लागू’ आणि ‘कोणी मंजूर केलं’ असे दोन रकाने दिले.

वाचक लिहिताना पहिला खड्डा: जोड्या. एका लॉटमध्ये तीन नौकांची मासळी आहे आणि त्या लॉटची चाळीस खोकी झाली, असं समजा. लॉट, पकड आणि खोकी ही तीन टेबलं एकाच क्वेरीत जोडली की एकशे वीस ओळी येतात. खोक्यांच्या वजनाची बेरीज तिप्पट, पकडीच्या वजनाची चाळीसपट. ‘डिस्टिंक्ट’ (सारखे आकडे एकदाच धरायची सोय) लावून हे झाकता येतं, पण दोन नौकांचं वजन योगायोगाने सारखं असलं की त्यातली एक गायब होते. म्हणून प्रत्येक पातळीची वेगळी क्वेरी ठेवली. आधी खेप, मग तिचे सगळे लॉट, मग त्या लॉटच्या सगळ्या पकडी, मग खोकी. जुळणी कळीच्या क्रमांकावरून, मेमरीत.

यातून लगेच दुसरा प्रश्न निघाला, आणि तो बऱ्याच ठिकाणी कुणाच्या लक्षात येत नाही. पोस्टग्रेस नेहमीच्या ‘रीड कमिटेड’ पातळीवर प्रत्येक क्वेरीला त्या क्षणाचं चित्र दाखवतं. पहिली क्वेरी चालून दुसरी चालेपर्यंत कोल्ड स्टोरेजमध्ये कुणी एक खोकं दुसऱ्या लॉटला हलवलं, तर शिरोभागातली बेरीज आणि खालच्या ओळी जुळणार नाहीत. हे रोज घडणार नाही. घडेल तेव्हा सापडणारही नाही. वाचकाचा पूर्ण डेटाबेस व्यवहार, म्हणजे एकत्र चालणाऱ्या या सगळ्या क्वेऱ्या, ‘रिपीटेबल रीड’ पातळीवर ठेवला, म्हणजे चारही क्वेऱ्यांना एकाच क्षणाचं चित्र दिसतं.

आता वेळेचं प्रकरण. यात आमचा सर्वांत जास्त वेळ गेला.

भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जे काही घडतं ते यूटीसीत आदल्या तारखेला घडलेलं असतं. कार्यालयीन कामात या वेळेत फारसं काही होत नाही, म्हणून ही अडचण पुष्कळ प्रणालींमध्ये वर्षानुवर्षं झोपून राहते. मासेमारीत उलट आहे. नौका रात्री सुटतात, जाळं रात्री पडतं आणि पहाटे माल उतरतो. पहाटे चार वाजता जेटीला लागलेल्या नौकेची तारीख यूटीसीवरून काढली की हमखास एक दिवस मागे.

एक दिवसाने काय बिघडतं, असं व्यवस्थापकांनी विचारलं. उत्तर कॅलेंडरमध्ये होतं. राज्याच्या सागरी जलधी क्षेत्रात यांत्रिक नौकांना पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. १ ऑगस्टला हंगाम उघडतो. रात्री साडेबारा वाजता सुटलेली नौका कायद्याला धरून सुटली. पण यूटीसीत ती वेळ ३१ जुलैची संध्याकाळी सात. संदेशात फक्त ती तारीख गेली तर कागदोपत्री नौका बंदी असताना समुद्रात होती, आणि हा आरोप कारखान्याने स्वतःच सही करून पाठवलेला. हंगामाच्या पहिल्या खेपेलाच हे व्हायचं.

दोन्ही बाजूंना ही शक्यता होती. कारखान्याचा सर्व्हर यूटीसीवर चालत होता, आणि वेळक्षेत्रासह साठवलेल्या वेळेतून पोस्टग्रेस तारीख काढतं ते त्या सेशनच्या (त्या वेळच्या जोडणीच्या) वेळक्षेत्रानुसार. म्हणजे तीच क्वेरी लिपिकाच्या लॅपटॉपवरून एक तारीख देई आणि सर्व्हरवरून दुसरी. समोरच्यांची प्रणाली आलेली वेळ यूटीसीत बदलून तारखेपुढचा वेळेचा भाग कापत होती. आम्ही तारीख काढणंच बंद केलं. सुटण्याची आणि उतरण्याची स्थानिक तारीख जेटीवरच टॅबमध्ये वेगळ्या रकान्यात ठरते आणि शेवटपर्यंत तशीच जाते, तिला वेळ चिकटत नाही. समोरच्या स्कीमात निव्वळ तारखेचा एक पर्यायी घटक होताच, तो भरायला सुरुवात केली. वेळेचा घटकही भरला, मागे ‘+०५:३०’ लावून. त्यांनी ताडून पाहताना तारखेचा घटक धरावा, हे पत्राने मान्य करून घेतलं. अशा गोष्टी प्रोग्रामने सुटत नाहीत, पत्राने सुटतात.

वजनाचं दुखणं दोन जातींचं. एक निव्वळ तांत्रिक. डेटाबेसमध्ये वजन अचूक दशांशात असताना मध्ये कुणी ते फ्लोटमध्ये (संगणकाच्या अंदाजे दशांशात) घेतलं की ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ होते. म्हणून जावा या प्रोग्रामिंग भाषेतला बिगडेसिमल हा अचूक दशांशाचा प्रकार वापरला. त्यातही गंमत आहे: १००० या आकड्याच्या मागची शून्यं काढून तो मजकुरात बदलला तर जावा ‘१ई+३’ असं लिहितं, आणि एक्सएमएल स्कीमाच्या दशांश प्रकाराला घातांकाचं लेखन चालत नाही. म्हणजे ९८७.५ किलोचा लॉट बिनबोभाट जातो आणि बरोबर हजार किलोचा परत येतो. साध्या लेखनाची वेगळी पद्धत आहे, ती लावली की संपलं.

दुसरं दुखणं जेटीवरचं. लिलाव कधी किलोवर होतो, कधी टबावर. घाई असली, वर ऊन चढत असलं की काटा नंतर, आधी बर्फ आणि टेम्पो. तेव्हा टॅबमध्ये वजनाचा रकाना रिकामा. सुपरवायझरने आम्हाला सरळ विचारलं, ‘वजन नाय केलंय, तर शून्य टाकू काय? तुमचा तो पुढं सरकतच नाय.’ टॅबमधला तो रकाना सक्तीचा होता आणि म्हणून मागच्या नोंदींत कुठे शून्य, कुठे १ अशी वजनं पडली होती. ‘माहीत नाही’ असं म्हणायची जागाच नसेल तर माणूस काहीतरी भरतो, यात त्याचा दोष कसला?

सक्ती काढली. मधल्या मॉडेलमध्ये वजनाबरोबर त्याचा दर्जा जोडला: मोजलेलं, टबावरून अंदाजलेलं, किंवा नाही. एक्सएमएलमध्ये घटक नसणं, घटक ‘निल’ (मुद्दाम ‘किंमत नाही’ अशी खूण केलेला) असणं, घटक रिकामा असणं आणि त्यात शून्य असणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समोरच्याला त्यातली कुठली कळते हे स्कीमा वाचल्याशिवाय कळत नाही. त्यांच्याकडे पकडीचं वजन सक्तीचं होतं, अंदाजाचं चिन्ह पर्यायी. मग नियम असा ठरला: अंदाज असेल तर चिन्हासकट जाईल, काहीच नसेल तर संदेश निघणार नाही. तो ‘अडलेले’ या पडद्यावर दिसेल आणि कारखान्यातला माणूस कारखान्याच्या काट्यावरचं वजन बघून निर्णय घेईल. तो निर्णय प्रोग्रामने घेऊ नये, यावर आम्ही अडून बसलो. जेटीवरचं आणि कारखान्यातलं वजन तसंही सारखं नसतं. पाणी निथळतं, बर्फ वितळतो, खराब मासळी बाजूला निघते.

नावांचा गुंता मिऱ्यापासून सुरू झाला. नौकांच्या गावांत मिऱ्या हे नाव वारंवार येतं, आणि त्यातला चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला दोन वेगळी गावं. युनिकोडचं ठरीव सामान्यीकरण हे दोन एक करत नाही, तो नियम स्वतः लिहावा लागतो. तो लिहिला, पण फक्त शोधण्यासाठी. नौका ओळखायची ती नोंदणी क्रमांकावरूनच, नावावरून नाही. जुन्या हिशेब प्रणालीतून फॉन्ट उलगडून नावं आणली ती मानवी डोळ्यांसाठी. त्या उलगड्यात एखादी वेलांटी इकडची तिकडे गेली तरी संदेश चुकत नाही.

जातींसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची तीन अक्षरी कोडांची यादी वापरतात. बांगड्याला आरएजी, बळ्याला एलएचटी. क्षेत्र आपल्या किनाऱ्यासाठी ५१, पश्चिम हिंदी महासागर. इथवर सोपं. रायगडचा माणूस बळ्याला वाकटी म्हणतो, म्हणून अनेक नावांना एक कोड, हेही टेबलात बसतं. उलटं बसत नाही. नुसतं ‘कोळंबी’ लिहिलं तर ती कुठली, हे जुळणीचं टेबल सांगू शकत नाही, कारण त्या एका नावाखाली कितीतरी जाती येतात. अशा नावापुढे कोड न ठेवता ‘माणसाला विचारा’ अशी खूण ठेवली. ग्रेडिंगच्या टेबलावरच्या बायका जात नजरेने सांगतात. नोंद त्यांच्याकडून घ्यायला लागलो तेव्हा अडलेल्या संदेशांतली कोळंबीची रांग ओसरली.

शेऱ्यांच्या रकान्यात एक क्षुल्लक पण चिवट गोष्ट सापडली. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात ओळ तोडणारं एक नियंत्रणचिन्ह येतं, क्रमांक ११. एक्सएमएल १.० मध्ये ते चालतच नाही, सांकेतिक रूपात लिहूनही नाही. लेखक ते काढून टाकतो आणि काढल्याची नोंद ठेवतो.

पावती फाडण्याची जागा कोणती, हा पुढचा प्रश्न. खेप ‘बंद’ झाली की संदेश जायचा. बंद करण्याच्या बटणावरच समोरच्या सर्व्हरला हाक मारली तर वीज गेली, नेट गेलं, की खेप बंद झाली पण संदेश गेला नाही, किंवा संदेश गेला आणि खेप उघडीच राहिली. कोकणात वीज आणि नेट यांच्या भरवशावर रचना करू नये, हे निसर्ग आणि तौक्ते ही वादळं पाहिलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. म्हणून खेप बंद होते त्याच डेटाबेस व्यवहारात तयार संदेश ‘जावक’ टेबलात पडतो, पूर्ण मजकुरासह. दोन्ही होतात किंवा दोन्ही होत नाहीत. दुसरा एक छोटा कार्यक्रम जावक टेबलातून ओळी उचलतो, पाठवतो, पोच आली की खूण करतो. ओळ उचलताना ती कुलूपबंद करून, आधीच कुलूप असलेली ओलांडून पुढे जायची सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे असे दोन कार्यक्रम एकदम चालले तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत.

पाठवला पण पोच येण्याआधी नेट तुटलं, तर तो पुन्हा जाणार. म्हणजे समोरच्याला एकच संदेश दोनदा मिळू शकतो आणि हे टाळता येत नाही. टाळायचं असतं ते दुहेरी मोजणं. त्यासाठी संदेशाचा क्रमांक जावक टेबलात पडतानाच ठरतो आणि कितीही वेळा गेला तरी तोच राहतो.

वजन मागाहून सुधारलं तर? जुना संदेश पुन्हा तयार होत नाही. नवा जातो, नव्या क्रमांकाचा, ‘अमुक संदेशाची दुरुस्ती, आवृत्ती २’ असं सांगणारा. लेखापरीक्षकाने विचारलं की त्या दिवशी तुम्ही काय कळवलं होतं, तर जावक टेबलात तो मजकूर अक्षरशः पडलेला असतो. आजच्या टेबलांवरून तो परत बनवायची वेळ येत नाही, आणि परत बनवला तर तो तसाच बनेल याची खात्रीही नसते.

उलट दिशेने, म्हणजे खरेदीदाराकडून, दोन प्रकारचे संदेश येतात. स्कीमा बरोबर आहे अशी तांत्रिक पोच, आणि माल पोचल्यावर लॉटनिहाय मिळालेलं वजन. आलेला मजकूर आधी जसाच्या तसा ‘आवक’ टेबलात, मग तपासणी, मगच मुख्य टेबलांना हात. बाहेरच्या एक्सएमएलमधले डीटीडी (संदेशातच आपली रचना सांगणारा भाग) आणि बाह्य संदर्भ पार्सरमध्येच, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्राममध्येच, बंद केले आहेत. ते उघडे ठेवले तर आलेला संदेश आपल्याच सर्व्हरवरच्या फाइली वाचायला लावू शकतो. आवृत्ती २ आधी आणि आवृत्ती १ नंतर येणं हेही घडतं. म्हणून लिहिताना आवृत्ती ताडली जाते, जुनी आली तर ती आवकमध्येच राहते.

चाचणीचं फार सांगण्यासारखं नाही. खऱ्या खेपांवरून नावं बदलून नमुने केले, अपेक्षित एक्सएमएल शेजारी ठेवला, आणि प्रत्येक बदलानंतर अक्षर न् अक्षर ताडलं. १ ऑगस्टच्या रात्री साडेबाराचा नमुना त्यात आहे, हजार किलोचा आहे, दोन्ही मिऱ्या आहेत.

पुढे आखाती देशातला दुसरा खरेदीदार आला. त्याला तीच माहिती जेसन या दुसऱ्या मजकूर-स्वरूपात हवी होती. वाचक आणि मधलं मॉडेल तसंच राहिलं, नवा लेखक तेवढा लिहिला. जेसनमधला आकडा समोरचा बहुधा फ्लोटमध्येच वाचणार, हे गृहीत धरून वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकात द्यायचं ठरलं.

त्याची एक मागणी मात्र बसली नाही. त्याला प्रत्येक खोक्यावर नौकेचं नाव हवं होतं. ग्रेडिंगच्या टेबलावर तीन नौकांची मासळी आकाराप्रमाणे वेगळी होते, नौकेप्रमाणे नाही. खोकं भरलं जातं तेव्हा ही माहिती कुठल्याच डेटाबेसमध्ये नसते, त्यामुळे वाचक ती आणणार कुठून? ती हवी तर एका वेळी एकाच नौकेचा माल टेबलावर घ्यावा लागेल, बाकीचा तेवढा वेळ बर्फात थांबेल. कारखान्याने हिशेब मांडून पाहिला आणि माहिती लॉटपर्यंतच देऊ असं खरेदीदाराला कळवलं. त्याने ते दर थोडा पाडून मान्य केलं.